प्रकल्प संपला, वस्ती तिथेच आहे : विश्वस्तांना आणि सीएसआर समित्यांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर आणि विदर्भातल्या स्वयंसेवी संस्थांचे विश्वस्त,
आणि या संस्थांना निधी देणाऱ्या कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

एकवीस वर्षं मी नागपुरात संस्थांच्या कामात आहे. आधी वस्तीत शिकवायचे, मग सुपरवायझर झाले, आता प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. माझ्यासारख्यांनी लिहिलेले तिमाही अहवाल तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचले असतील. ज्याला अहवालात रकाना नसतो, ते या पत्रात लिहिते आहे.

एका मार्च महिन्याची गोष्ट. कळमना मार्केटपलीकडच्या एका वस्तीत आमची अभ्यासिका तीन वर्षं चालली होती. शाळा सुटलेली किंवा सुटण्याच्या बेतात असलेली मुलं यायची. बहुतेकांचे वडील मार्केटात हमाली करणारे, आया मिरच्यांचे देठ खुडायला जाणाऱ्या. ३१ मार्चला प्रकल्पाची मुदत संपत होती. २८ तारखेला मी आणि चार शिक्षिका खोलीत बसून चटया, फळे, पंखे, दोन लोखंडी कपाटं मोजत होतो, कारण डेडस्टॉक रजिस्टरशी, म्हणजे सामानाच्या नोंदवहीशी, मेळ घालून यादी ऑडिटरला द्यायची होती. बाहेर मुलं दाराशी घुटमळत होती. वर्ग का नाही, हे त्यांना कळत नव्हतं. चौघींपैकी सर्वांत धाकटी, त्याच वस्तीत वाढलेली, पंख्याचा नंबर वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "ताई, एक तारखेपासून पोराइले काय सांगाचं?"

मुलांची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये होती.

मी तिला काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. उत्तर नव्हतं एवढं आठवतं. आणि कागदावर मात्र तो आमचा सर्वांत चांगला प्रकल्प होता. टार्गेट पूर्ण, खर्च वेळेत, युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) वेळेत, बेसलाइनच्या, म्हणजे सुरुवातीच्या पाहणीच्या, तुलनेत एंडलाइनला, म्हणजे शेवटच्या पाहणीत, मुलांचं वाचन सुधारलेलं. डोनरच्या माणसाने फोन करून अभिनंदन केलं. त्यांची चूक नव्हती, आमचीही नव्हती. प्रकल्प जे करायला असतो ते त्याने चोख केलं. चूक तीन वर्षांपूर्वी झाली होती, जेव्हा या कामाला प्रकल्प म्हणायचं ठरलं.

हा शब्दांचा कीस वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रकल्प म्हणजे ठरावीक काळात, ठरावीक पैशांत, एक ठरावीक गोष्ट उभी करून थांबायचं काम. व्यवस्थापनाच्या शास्त्रातही तो असाच मांडला जातो. अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट १९६९ साली स्थापन झाली. तिच्या व्याख्येतही प्रकल्प तात्पुरता असतो आणि त्यातून एखादी वेगळी वस्तू, सेवा किंवा निष्पत्ती बाहेर पडते. त्याला सुरुवात असते, शेवट असतो आणि शेवट झाला की टीम पांगते. कार्यक्रमाचा, म्हणजे इंग्रजीत ज्याला प्रोग्राम म्हणतात त्याचा, धागा निराळा. एकमेकांत गुंतलेले अनेक प्रकल्प आणि रोजची कामं एका हाताखाली आणायची. सुटी सुटी केली तर जो बदल पदरात पडणार नाही, तो या सगळ्यांनी मिळून पडावा, हा त्यामागचा हेतू. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची याबाबतची मार्गदर्शक मानकंही दोन आहेत, प्रकल्पासाठी २१५०२ आणि कार्यक्रमासाठी २१५०३. जगाने हे दोन वेगळे धरले आहेत. आपण आपल्या सभांमध्ये धरत नाही.

नागपूरकरांना मेट्रोचं उदाहरण लगेच पटतं. ऑगस्ट २०१४ मध्ये भूमिपूजन झालं, मार्च २०१९ मध्ये सीताबर्डी ते खापरी गाडी धावली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिला टप्पा पुरा झाला. रूळ, स्थानकं, गाड्या सगळं मोजता येतं. हा प्रकल्प. पण लोकमान्यनगरच्या माणसाने दुचाकी घरी ठेवून मेट्रोने कामाला जावं, हे रूळ टाकल्याने आपोआप होत नाही. स्थानकापर्यंत येणारी बस, चालता येईल असा फूटपाथ, गाडी ठेवायला जागा, परवडणारं तिकीट, वेळापत्रकावरचा विश्वास, हे सगळं जुळून आलं की होतं. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या खात्याच्या हातात आणि प्रत्येकीची मुदत वेगळी. त्यांना एका हेतूने बांधून ठेवणं हे कार्यक्रमाचं काम, आणि ते उद्घाटनाच्या फितीबरोबर संपत नाही.

माझ्या क्षेत्रात मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते पोलिओचं काम. पल्स पोलिओ १९९५ मध्ये सुरू झाला. रविवारचा बूथ, डाव्या करंगळीवरची शाई, दुसऱ्या दिवसापासून घरोघरी फिरणाऱ्या जोड्या आणि दारावर खडूने लिहिलेलं पी किंवा एक्स. ज्या घरातलं बाळ सुटलं, त्या दारावर एक्स. त्या घरी पुन्हा जायचंच. प्रत्येक फेरी हा स्वतंत्र प्रकल्प होता: तारीख ठरलेली, लस मोजलेली, टीमची यादी तयार. पण फेऱ्या संपल्या म्हणून कोणी काम संपवलं नाही. एका फेरीतले एक्स पुढच्या फेरीच्या आखणीत आले. कुठे लस कमी पडते, कुठे लोक दार उघडत नाहीत, कुठली कुटुंबं वीटभट्टीवर निघून जातात, हे फेरीगणिक कळत गेलं आणि पद्धत बदलत गेली. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडला. त्यानंतर तीन वर्षं वाट पाहून २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. आणि आजही लसीचा रविवार येतो. तीन वर्षांनी एंडलाइन करून खडू ठेवून दिला असता तर काय झालं असतं, हे सांगायला नको.

आमच्या अभ्यासिकेतही असे एक्स होते. हजेरीच्या रजिस्टरच्या समासात त्या चौघींनी बारीक अक्षरात टिपलेलं असायचं. "शुक्रवारी येत नाही, बाजार." "बाप घरी असताना जाऊ नये, आजीशी बोलावं." "चष्मा लागला पाहिजे, फळ्यावरचं दिसत नाही." "लहान भावाला सोबत आणू दिलं तर येते." तीन वर्षांत वस्तीचं जे ज्ञान जमा झालं, ते सारं त्या समासात होतं. एंडलाइन अहवालात समास गेला नाही. त्यात टक्केवारी गेली. चौघींना अनुभव प्रमाणपत्र मिळालं, रजिस्टरं पोत्यात भरून कार्यालयाच्या माळ्यावर गेली. पुढे दुसऱ्या निधीतून त्याच वस्तीत काम निघालं, तेव्हा नवीन टीमने पहिल्या दिवसापासून बेसलाइन केली. त्याच दारांवर, तेच प्रश्न.

आता दुसरी गोष्ट सांगते, कारण प्रकल्पांची मुदत हा अर्धाच प्रश्न आहे.

दुसऱ्या एका संस्थेत असताना एकाच वस्तीत आमचे एका वेळी तीन प्रकल्प होते. एक शाळागळतीवर, एक किशोरी मुलींच्या आरोग्यावर, एक पाणी-शौचालयावर. तीन डोनर, तीन कोऑर्डिनेटर, तीन रजिस्टरं, तीन रंगांचे टी-शर्ट. एका सकाळी मी एका घरी गेले. आई नळावरून पाणी आणून दारात भांडी घासत होती. मी वही उघडली, तशी ती हात न थांबवता म्हणाली, "कालच तं तुमची दुसरी ताई येऊन हेच इचारून गेली. तुमी आपसात बोलत नाही का?"

त्या घरातली मुलगी सातवीत होती आणि महिन्यातले चार-पाच दिवस शाळेत जात नव्हती. माझ्या रजिस्टरमध्ये ती "अनियमित" होती. आरोग्याच्या रजिस्टरमध्ये ती "मासिक पाळीविषयी सत्र पूर्ण" होती. पाण्याच्या रजिस्टरमध्ये तिची शाळा नव्हतीच, कारण तो प्रकल्प घरगुती नळांचा होता. शाळेतल्या मुलींच्या शौचालयाला पाणी नव्हतं. एवढंच कारण. एक टाकी आणि एक जोडणी. तिन्ही प्रकल्पांत त्यासाठी बजेट हेड, म्हणजे खर्चाचं मंजूर शीर्षक, नव्हतं. हेड बदलायला तीन वेगवेगळ्या डोनरना पत्रं लिहावी लागणार होती, आणि लिहायची कोणी? आम्हा तिघींचं काम एकत्र पाहणारं संस्थेत कोणीच नव्हतं. तिघी थेट संचालकांना अहवाल द्यायचो, आपापल्या तारखेला. तिन्ही प्रकल्प आपापल्या मोजपट्टीवर पास झाले. मुलगी आठवीत शाळेतून गेली.

प्रोजेक्ट कोऑर्डिनेटरला विचारलं जातं: ठरलेलं काम ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पैशांत झालं का? हा प्रश्न रास्त आहे, मीही रोज स्वतःला तो विचारते. ठरल्याबाहेरची गोष्ट समोर आली की चांगली कोऑर्डिनेटर ती बाजूला ठेवते, कारण तिला काम वाहवू द्यायचं नसतं. कार्यक्रम सांभाळणाऱ्याला विचारायचा प्रश्न वेगळा: ही मुलगी शाळेत टिकली का? टिकत नसेल तर तीन प्रकल्पांतला कोणता वाकवायचा, कोणता थांबवायचा, कोणता नव्याने काढायचा? व्यवस्थित चाललेला प्रकल्पसुद्धा हेतूच्या कामाचा उरला नसेल तर बंद करण्याचा अधिकार त्या माणसाकडे हवा. आपल्याकडे ही खुर्चीच नसते. असलीच तर तिच्यावर बसणाऱ्याचा पगार कोणत्याच प्रकल्पात बसत नाही, म्हणून सगळ्या प्रकल्पांत तुकड्या-तुकड्याने दाखवावा लागतो.

मला वाटतं, आपल्या भाषेतही हा शब्द निसटला आहे. "कार्यक्रम" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दीपप्रज्वलन येतं, शाल-श्रीफळ येतं, हळदीकुंकू येतं, मुलगी बघणं येतं. दोन-तीन तासांत आटोपतो तो कार्यक्रम. त्यामुळे कार्यालयात आम्ही "प्रोग्राम" म्हणतो आणि त्याचाही अर्थ हळूहळू समारंभ असाच होतो. "या तिमाहीत किती प्रोग्राम घेतले?" हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. विचारणाऱ्याला मेळावे मोजायचे असतात. दीर्घकाळच्या, गुंतलेल्या, धीराच्या कामासाठी वापरायचा शब्दच एका दुपारपुरता झाला, तर विश्वस्त सभेत त्या कामासाठी पैसे मागायचे तरी कोणत्या नावाने?

गडचिरोलीचं उदाहरण तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, पण या अंगाने पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्या अभ्यासाला आरंभ होता, तुलनेसाठी दुसरी गावं होती, मोजमाप होतं, शेवट होता. १९९९ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. असा हा प्रकल्प होता आणि प्रकल्प म्हणून तो अतिशय शिस्तीचा होता. पण काम तिथे थांबलं नाही. २०११ मध्ये देशभर आशा कार्यकर्तीने बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जायचं, अशी पद्धत सरकारी आरोग्ययंत्रणेत आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं तर पहिल्या दिवसाची एक जास्त. प्रकल्पाने सिद्ध केलं, कार्यक्रमाने रुजवलं. मध्ये बारा वर्षं गेली. ती बारा वर्षं कोणीतरी त्या कामाला धरून बसलं होतं, हे आपण विसरतो.

सीएसआर समितीच्या सदस्यांना आता थेट सांगते, कारण "कायदाच तसा आहे" हे उत्तर मी फार वेळा ऐकलं आहे.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. पात्र कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले आणि "चालू प्रकल्प" म्हणजे काय ते लिहिलं गेलं: ज्या आर्थिक वर्षात सुरू झाला ते सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं चालणारा. म्हणजे मंजुरी एप्रिलमध्ये दिलीत तर जवळजवळ चार वर्षं मिळू शकतात. तरी आमच्याकडे बहुतेक एमओयू (सामंजस्य करार) अकरा किंवा बारा महिन्यांचे येतात, आणि सही होईपर्यंत त्यातले तीन-चार महिने उडालेले असतात. ही मुदत कायद्याने घातलेली नाही. तुमच्या समितीने घातली आहे. वर्षाचा म्हणून घेतलेला प्रकल्प सकारण वाढवून चालू प्रकल्पात नेण्याची सोयही त्याच व्याख्येत आहे. आणि तीन वर्षांनंतर त्याच वस्तीत पुढचं काम मंजूर करू नका, असं तर कुठेही लिहिलेलं नाही.

आणखी एक. त्याच नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती मर्यादा कंपनीने स्वतःचं सीएसआरचं काम चालवण्यासाठी केलेल्या खर्चाची आहे. एखाद्या प्रकल्पाची किंवा कार्यक्रमाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर होणारा थेट खर्च त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. तरी संस्थेच्या बजेटमधला सुपरवायझरचा पगार "ॲडमिन" म्हणून कापला जातो आणि खाली नियमाचा हवाला दिला जातो. कृपया ते पान पुन्हा वाचा. वस्तीत काम चालतं ते त्या पगारावर.

विश्वस्तांनाही थोडं कडू वाटेल असं लिहिते. सगळंच कार्यक्रम नसतं. वाचनालयाची इमारत बांधायची तर ती प्रकल्प म्हणूनच बांधा, तारीख लावा, कंत्राटदाराला दंडाची अट घाला. "आमचं काम दीर्घकालीन परिवर्तनाचं आहे" या वाक्याआड लपून वर्षानुवर्षं काही न मोजणाऱ्या संस्थाही मी पाहिल्या आहेत. तिथे नवे लोक येतात, शिबिरं होतात आणि दहा वर्षांपूर्वीपेक्षा काय बदललं, हे कोणालाच सांगता येत नाही. कार्यक्रमाला मुदत सैल असते, हिशेब सैल नसतो. उलट त्याचा हिशेब कठीण असतो, कारण किती चटया वाटल्या ते सांगून भागत नाही. किती मुलं दहावीपर्यंत पोचली, हे सांगावं लागतं आणि त्यासाठी पाच-सहा वर्षं त्याच मुलांच्या मागे राहावं लागतं.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. तुमच्या संस्थेचे सध्याचे सगळे प्रकल्प वस्तीनिहाय एका कागदावर लिहा. डोनरनिहाय नको, तो कागद तुमच्याकडे आधीच आहे. एका वस्तीत दोनपेक्षा जास्त प्रकल्प असतील तर त्यांच्यावर एक माणूस नेमा. तो कोणत्याही एका प्रकल्पाचा नसावा आणि त्याला हेड बदलून मागण्याचा अधिकार असावा. निधी देणाऱ्यांनी त्याचा पगार सुटा मंजूर करावा, लपवायला लावू नये. ज्या प्रकल्पाची मुदत या ३१ मार्चला संपते, त्याचा पुढचा निर्णय मागच्या ऑक्टोबरमध्ये झालेला असावा. "नाही" म्हणायचं असेल तर तेही ऑक्टोबरमध्ये सांगा, म्हणजे वस्तीला सांगायला आम्हाला वेळ मिळेल. आपल्याकडे शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. शिक्षणाचा प्रकल्प मार्चअखेरीस तोडायचा आणि परीक्षा, सुट्टी, नवा प्रवेश हे तीन महिने मुलांना सोडून द्यायचं, हे तरी थांबवा. याच तीन महिन्यांत सर्वाधिक मुलं आमच्या हातून सुटतात. आई-वडील गावी जातात, मोठं मूल कामाला लागतं आणि जुलैमध्ये त्याचं नाव पटावर असतं, ते नसतं.

आणि टीम. प्रकल्प संपला तरी त्या वस्तीत वाढलेली निदान एक ताई पगारावर ठेवा. तिच्याकडे रजिस्टर असू द्या, समासासकट.

त्या चौघींपैकी तिघी अजून त्याच वस्तीत राहतात. धाकटी आता एका दुकानात बिलिंगला आहे. दुपारी दुकान मोकळं असलं की जुनी मुलं अजूनही तिच्याकडे गणितं घेऊन येतात, आणि ती सोडवून देते. तुमच्यापैकी कोणाला त्यांना भेटायचं असेल तर मी सोबत येईन. सकाळी दहाच्या आत निघू, एप्रिलात नंतर त्या पत्र्याच्या घरांत बसवत नाही.

आपली,
संस्थांच्या कामात असलेली एक कार्यकर्ती
नागपूर